काष्ठमौन

"साधं मौन, का काष्ठमौन?" केसरबाईंनी विचारलं.

दाताच्या दवाखान्यात मॅनेजरची जागा मागायला आलेल्या बाईला असा प्रश्न कोणी विचारील, हे विजयमालेच्या ध्यानीमनी नव्हतं. जमाखर्च येतो का, इंग्रजी पत्र वाचता येतं का, औषधांच्या कंपनीला स्मरणपत्र कसं धाडाल, असल्या प्रश्नांची उत्तरं ती सकाळपासून मनात घोळवत होती. लग्नाआधी मुलींच्या शाळेच्या कचेरीत तिनं काम केलं होतं, त्याचा दाखला पिशवीत होता. केसरबाईंनी तो हातात घेतला, घडी न उलगडताच परत दिला, आणि तिच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडं बघत सरळ व्रतावरच आल्या.

"काष्ठमौन," विजयमाला हळू आवाजात म्हणाली. तिचा आवाज मुळातच हळू. "आंघोळ झाली की गिरणीचा बाराचा भोंगा होईपर्यंत. बोलायचं नाही, खूण करायची नाही, पाटीवर लिहूनही काही सांगायचं नाही. म्हणून आधीच सांगून टाकते बाईसाहेब, सकाळच्या वेळी माझा काही उपयोग..."

"उपयोग नाही असं कोण म्हणालं?" केसरबाई हसल्या. "सकाळी आमच्याकडं बोलायचं कामच नसतं. तुम्ही नुसतं बसायचं. टेबलाशी, जिन्यातून वर येणाऱ्याला दिसाल असं. माळ ओढायची असली तर ओढा. दुपारी काय ते ऑफिस बघा."

दवाखाना नव्या पेठेत, एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर होता. डॉक्टर त्रिंबक देगावकर म्हणजे केसरबाईंचे धाकटे भाऊ. बायको वारलेली, मूलबाळ नाही. विधवा बहीण घर आणि दवाखाना दोन्ही चालवायची. डॉक्टर खिडकीशी खुर्चीत बसले होते. डोळ्यांवर काळपट भिंगांचा चष्मा होता. औषधांच्या वाफेनं डोळे चुरचुरतात, म्हणून घरातही लावावा लागतो, असं केसरबाईंनी न विचारता सांगितलं. डॉक्टर मान वळवून विजयमालेकडं बघून गोड हसले.

"आवाज फार शांत आहे तुमचा," ते म्हणाले. "निम्मं दुखणं तिथंच कमी होईल माणसाचं."

जाता जाता विजयमालेनं विचारलं, "माझं नाव तुम्हाला कुणी सांगितलं?" निरोप तर देवळाच्या पुजाऱ्याकडून आला होता. वर्तमानपत्रात जाहिरात नव्हती, दारावर पाटी नव्हती.

"मीच बघत होते तुम्हाला," केसरबाई म्हणाल्या. "सिद्धेश्वराच्या देवळात. सोमवारी तुमच्या पायावर कुणाची तरी घागर पडली. अंगठा फुटला. पण तोंडातून 'आई गं' सुद्धा काढलं नाहीत तुम्ही. तेव्हाच म्हटलं, ही बाई आपल्याला पाहिजे."

विजयमालेनं त्यांना वाकून नमस्कार केला. देवानंच ही वाट दाखवली, असं तिला वाटलं. तसं वाटण्याजोगंच होतं ते.

तिचा नवरा रावसाहेब गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात कामाला होता. वर्षानुवर्षं ती धूळ छातीत गेली आणि शिमग्यापासून त्यानं अंथरूण धरलं. श्वास घेताना दाराच्या फटीतून वारा यावा तशी शीळ वाजायची. गिरणीच्या डॉक्टरांनी औषधं लिहून दिली आणि मान हलवली. तेव्हा विजयमाला सिद्धेश्वरासमोर उभी राहिली आणि म्हणाली, देवा, अर्ध्या दिवसाची माझी वाचा तुला दिली, यांचा श्वास मला दे. चातुर्मासभर एक शब्द मोडणार नाही. मोडला तर तुझं तू परत घे. हे शेवटचं वाक्य तिच्या तोंडून आपसूक निघून गेलं होतं, आणि निघाल्यावर ते परत कसं घ्यायचं?

चातुर्मास लागला आणि पहिल्याच आठवड्यात रावसाहेब भिंतीला टेकून बसू लागला. त्यामुळं तिच्या मनात शंकेला जागाच उरली नव्हती.

साखर पेठेतल्या खोलीवर येऊन तिनं नोकरीची बातमी सांगितली तेव्हा तो हसता हसता खोकला. "गप्प बसायचा पगार देणारा दवाखाना? मला पण लाव की तिथं. मी तर दिवसभर गप्प बसतो, ते पण फुकट."

"आधी उठून चाला, मग नोकरीचं बघू," ती म्हणाली.

शेजारच्या खोलीतून मागाचा खडखडाट चालू होता. तो थांबवून सुंदरम्मा दारात आली. ही पद्मशाली बाई, चादरींच्या मागावर नवऱ्याबरोबर राबणारी. विजयमाला नसली की तीच रावसाहेबाला पाणी द्यायची, कूस बदलायला हात द्यायची. "तू जा की अक्का," ती म्हणाली. "भावजीला मी बघतंय. पण मला त्या डॉक्टरकडं कधी बोलवू नको. दाताचं डॉक्टर म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतंय."

झालं. विजयमाला दवाखान्यात जाऊ लागली.

सकाळी धुवट पातळ नेसून, कपाळावर ठसठशीत कुंकू लावून ती टेबलाशी बसायची आणि मनात जप करायची. लोक जिना चढून यायचे, कुणाचा गाल सुजलेला, कुणाच्या डोळ्यांत पाणी, आणि वर येताच त्यांना ही शांत बाई दिसायची. येडू नावाचा, केस पिकलेला, दणकट नोकर माणसांना बाकावर ओळीनं बसवायचा. नवीन कुणी विजयमालेला काही विचारू लागलं की तो दटावायचा, "बाईचं मौन हाय. इचारू नगा. पाया पडायचं आसलं तर पडा." आणि लोक खरोखर पाया पडायचे. बायका आपसांत कुजबुजायच्या, ती बसलीय तिथं भ्यायचं काय. हलत्या पडद्यामागं खुर्ची करकरायची, कुणीतरी कण्हायचं. मग ते माणूस तोंडात कापूस धरून बाहेर यायचं.

बाराचा भोंगा वाजला की विजयमाला देवाचं नाव घेऊन तोंड उघडायची. दुपारची कामं तिनं भराभर हाती घेतली. कवळ्यांची मापं ज्याच्या त्याच्या डब्यात लावली, औषधांचं कपाट पुसून नीट केलं, कंपन्यांना पत्रं लिहिली. डॉक्टर तिची वारेमाप स्तुती करायचे. केसरबाई तिच्यासाठी फराळाचं ताट झाकून ठेवायच्या. घरी रावसाहेब आता दारापर्यंत चालत जाऊ लागला होता. विजयमाला देवापुढं डोळे मिटायची तेव्हा तिला वाटायचं, एवढं सरळ सगळं कसं चाललंय.

एक दिवस मात्र तिच्या मनात खडा पडला. दुपारी येडू एनॅमलचं तसराळं धुवायला नेत होता. त्यात सकाळचे काढलेले दात होते. त्यातला एक तिनं पाहिला आणि ती थबकली. मक्याच्या दाण्यासारखा स्वच्छ, पांढरा, कुठं डाग नाही.

"येडू, हा चांगला दात कशाला काढला?"

"मला काय म्हाईत बाई. मी डोकं धरतो फकस्त."

त्याच दुपारी सकाळची एक बाई परत आली. गाल आणखी सुजला होता. दुखरा दात तसाच राहिला आणि भलताच काढला, असं ती रडत सांगत होती. केसरबाईंनी तिला आत नेलं, पाठीवरून हात फिरवला. "दोन्ही किडले होते गं. एकदम दोन काढले असते तर सोसलं असतं का तुला? उद्या सकाळी ये." ती बाई जाताना विजयमालेकडं बघून म्हणाली, "तुमच्याकडं बघून येते बघा परत." विजयमालेला ते गोड लागलं नाही.

पुढच्या सोमवारी तिनं देवळातून प्रसाद आणला होता. भोंगा झाल्यावर ती डॉक्टरांसमोर गेली. तळहातावर खोबऱ्याचा तुकडा होता. "प्रसाद घ्या डॉक्टर."

डॉक्टरांचा हात पुढं आला. तो तिच्या हाताकडं आला नाही. तिचा आवाज जिथून आला होता तिथं, तिच्या हनुवटीच्या उंचीवर, हवेत उघडा होऊन थांबला.

विजयमालेच्या हातातलं खोबरं तसंच राहिलं. थोड्या वेळानं डॉक्टरच म्हणाले, "इथं नाही का? बरं. तुम्हाला कळलं तर." त्यांच्या आवाजात राग नव्हता, लाजही नव्हती. "सावल्या दिसतात अजून. पण माझ्या बोटांना दिसतं हो बाई. इतकी वर्षं तोंडात हात घातलेत. कुठला दात हे आमची आक्का सांगते, पुढचं माझी बोटं बघून घेतात."

"लोकांना सांगत का नाही डॉक्टर?"

"सांगितलं तर येतील का?" ते अगदी साधेपणानं म्हणाले. "आणि मग मी दिवसभर काय करू?"

केसरबाई मागं उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे. त्यांनी विजयमालेला बाजूला घेतलं आणि तिच्या पदराचं टोक आपल्या बोटाला गुंडाळत, लेकीशी बोलावं तसं बोलल्या.

"तुमच्या आधी गुरुसिद्धप्पा म्हणून होता. पोस्टातून निवृत्त झालेला. फार बोलका. जिन्यातच लोकांना सांगायचा, दुसरीकडं जा म्हणून. त्याला काढला. मग म्हटलं, आता माणूस देवाचा बघायचा."

तेव्हा कुठं विजयमालेला कळलं की सकाळी आपल्याला कशासाठी बसवलंय. दात सकाळीच का काढतात, हेही कळलं. 

"मी उद्यापासून येत नाही बाईसाहेब."

"नका ना येऊ," केसरबाई तितक्याच प्रेमानं म्हणाल्या. "पण आजवर जे आले ते कुणाच्या तोंडाकडं बघून आत गेले? चुकलेले दात एकट्या त्रिंबकच्या खात्यावर नाहीत, बाई. आणि मालक आता चालायला लागलेत म्हणता. औषधं महाग. कार्तिकीपर्यंत बसा, मग बघू. सकाळी कुणाला सांगता येणार नाहीच तुम्हाला. दुपारी सांगायला इथं असतंय कोण?"

त्या संध्याकाळी तिनं रावसाहेबाला सगळं सांगितलं. तो पोपडे आलेल्या भिंतीवरून नख फिरवत राहिला. मग म्हणाला, "कार्तिकी काय लांब नाही." तो तिच्याकडं बघत नव्हता.

आणि ती बसत राहिली. दुपारी, संध्याकाळी भेटेल त्याला सांगावं, असं रोज मनात यायचं. पण सांगितलं तर जागा जाईल, जागा गेली तर औषध जाईल, आणि देवानं दिलेलं आपणच लाथाडल्यासारखं होईल. असं ती मनाशी घोकत राही. जप करताना मणी पुढं सरकायचे नाहीत. जिन्यात पाऊल वाजलं की आतून काहीतरी आक्रसायचं. देवा, कुणी मला विचारू नये, एवढंच मागणं उरलं.

श्रावण लागायच्या सुमारास करकंबहून एक शेतकरी आला. कोंडीबा त्याचं नाव. फेट्याचं टोक गालाला गुंडाळलेलं, अंगापिंडानं मजबूत, आणि डोळ्यांत लहान मुलाची भीती. एवढ्या मोठ्या माणसाला ती लपवता येईना. येडू आत होता. कोंडीबा टेबलाशी येऊन उभा राहिला.

"बाई, डाक्टरचा हात हलका हाय न्हवं?"

विजयमालेनं त्याच्याकडं पाहिलं. बाकावरच्या म्हातारीनं सांगितलं, "मौन हाय रं त्यांचं."

"व्हय व्हय. चुकलंच." त्यानं हात जोडले. मग वाकून, हळूच, पुन्हा विचारलं, "बोलू नगासा. नुसती मान हालवा. जाऊ का माघारी? लई भ्या वाटतंय मला."

मान हलवायची नाही. काष्ठ म्हणजे लाकूड. तिच्या मानेच्या शिरा ताणल्या, पण मान हलली नाही. तिच्या डोळ्यांपुढं त्या वेळी कोंडीबा नव्हताच. भिंत धरून दाराकडं चालणारा रावसाहेब होता. तिचा चेहरा मात्र नेहमीसारखाच शांत असावा. कारण कोंडीबाचा चेहरा निवळला.

"गप हायसा म्हंजी बरंच आसंल की," तो म्हणाला. "कायी वंगाळ आसतं तर देवाच्या मानसानं आडवलं आसतं." आणि पडदा सारून तो आत गेला.

आत बराच वेळ लागला. मग ओरडणं ऐकू आलं, जे नेहमीचं नव्हतं. बाकावरची म्हातारी उठून मुकाट जिना उतरली. कोंडीबाला बाहेर आणलं तेव्हा त्याचा जबडा एका बाजूला कलला होता आणि फेटा लाल झाला होता. येडूनं त्याला धरून खाली नेलं. तो तिच्या टेबलाजवळून गेला, आणि जाताना त्यानं तिच्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तो अजून विचारतच होता.

पुढं काही दिवसांनी, देवळाच्या तळ्याकाठी, एक काटकुळा म्हातारा तिच्याजवळ येऊन बसला. "मी गुरुसिद्धप्पा," त्यानं सांगितलं. "तुमच्या जागेवरचा जुना धनी. ऐका की बाई, मी लई बडबड्या माणूस, एकच सांगून जातो. करकंबचा तो गडी गेला. जबड्याचं हाड मोडलं, आत पू झाला, घरच्यांनी झाडपाला बांधला. सरकारी दवाखान्यात नेईतो अंगात भिनलं होतं."

विजयमालेचं मौन नव्हतं त्या वेळी, दुपार टळली होती. तरी तिला शब्द फुटला नाही.

"मी पोलिसांत जाऊन आलो," म्हातारा म्हणाला. "ते म्हणतात, घरच्यांनी तक्रार नाही दिली. घरचे म्हणतात, नशीब. तिथं देवाची बाई बसती, तिथं वाईट कसं होईल म्हणतात." तो उठला, धोतर झटकलं. "माझं बोलणं कुणी ऐकलं नाही आणि तुमचं न बोलणं सगळे ऐकतात. मजा आहे."

त्या संध्याकाळी तिनं नैवेद्य दाखवला, पण तिला जेवण गेलं नाही. रावसाहेब मात्र पोटभर जेवला. कितीतरी महिन्यांनी त्यानं दुसरी भाकरी मागून घेतली. त्याच्या श्वासातली शीळ जवळजवळ गेली होती. विजयमाला त्याच्या छातीकडं बघत बसली. वर, खाली, वर, खाली. यातला कुठला श्वास कोंडीबाचा, असं तिच्या मनात आलं आणि तिनं घाईनं दिवा पुढं सारून विचार मोडला.

आणि मग श्रावणातला तो सोमवार आला.

जिन्यात गर्दी होती. विजयमालेनं खाली बघत जप धरला होता. कुणीतरी तिच्या पायाशी फरशीवरच बसलं आणि ओळखीचा आवाज आला, "अक्का."

सुंदरम्मा होती. पदर तोंडावरून घेतलेला, उजवा गाल टम्म फुगलेला. अर्ध्या तोंडानं ती हसत होती.

"दोन रात्र झोप नाही बघ मला. माग चालवताना चक्कर येतंय. नवरा म्हणाला, अक्का बसते तिथं जा, तिच्यासमोर काय वाईट होत नाही. म्हणून आले." ती विजयमालेच्या गुडघ्याला टेकली. "भावजी आज बाहेर ओट्यावर येऊन बसलेत. एकटेच चालत. मला म्हणतात, तुझा माग मी चालवतो. बघ तुझं देव कसं पावलंय."

विजयमालेच्या हातातली माळ थांबली.

"मला विचारायचं नाही, माहिती आहे. मी विचारत नाही," सुंदरम्मा म्हणाली, आणि लगेच विचारलंच. "दुखतंय का गं फार?" मग स्वतःशीच हसली. "तू काय सांगणार. बस तू. तुझं बसलेलंच मला बास."

येडूनं पडदा सारला. त्यानं सुंदरम्माकडं पाहिलं, मग विजयमालेकडं पाहिलं, आणि नजर खाली वळवली. "चला," तो म्हणाला.

सुंदरम्मा उठली. विजयमालेच्या गुडघ्यावरची ऊब हळूहळू निघून गेली. पडदा पडला. खुर्ची करकरली.

खिडकीबाहेर नवी पेठ चालली होती. भांड्यांची खणखण, सायकलच्या घंट्या, शेंगदाणे विकणारा. ते सगळं तिला फार लांबून ऐकू येत होतं. जवळून ऐकू येत होता तो पडद्यामागचा केसरबाईंचा आवाज, हलका, शांत, आंधळ्याला रस्ता दाखवणारा.

"डावीकडचा, त्रिंबक. खालचा. शेवटून दुसरा."

विजयमालेला उजवा गाल दिसत होता. आत्ता, तिच्या गुडघ्याशी, टम्म फुगलेला उजवा गाल. आणि मग तिला एकदम उमगलं. केसरबाई नेहमी पेशंटच्या समोर उभ्या राहायच्या. स्वतःची डावी बाजू सांगायच्या, आणि डॉक्टर पेशंटची डावी धरायचे. कधी लक्षात आलं तर सुधारायच्या, नाही आलं तर नाही. तो मक्याच्या दाण्यासारखा दात, ती रडणारी बाई, सगळं तेवढ्यानं. डोळ्यांची चूक तर होतीच, पण त्याहून हा आळस, की एकदा तरी पेशंटच्या मागं जाऊन उभं राहावं, एवढंही कुणाला सुचलं नव्हतं.

भोंग्याला अजून अवकाश होता. चातुर्मासाचाही निम्म्याहून जास्त भाग राहिला होता. ओट्यावर रावसाहेब बसला होता, उन्हात, एकटा चालत जाऊन. देवा, तूच वाजव भोंगा, ती मनात म्हणाली. आत्ता वाजव. मी पाया पडते.

आत डॉक्टर म्हणाले, "आ करा हं. मोठा."

विजयमाला उठली. खुर्ची मागं पडली. ती पडद्यापर्यंत गेली नाही, तिथंच उभी राहून बोलली. सकाळी न वापरलेला आवाज घोगरा निघाला, पण सगळ्या माडीवर ऐकू गेला.

"सुंदरम्मा, ऊठ. डॉक्टरांना दिसत नाही."

बाकावरची माणसं आधी तिच्याकडं बघत राहिली. ती काय म्हणाली यापेक्षा ती बोलली, याचाच त्यांना धक्का बसला होता. मग एकेक जण उठू लागला.

पडदा सरला. सुंदरम्मा खुर्चीतून धडपडत बाहेर आली आणि विजयमालेच्या दंडाला घट्ट धरून उभी राहिली. तिच्यामागं दारात डॉक्टर होते. हातात पक्कड होती, चष्मा कपाळावर सरकलेला, आणि डोळे दुधात बुडाल्यासारखे. त्यांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

"विजयाबाई," ते गोंधळून म्हणाले, "बारा वाजले का?"

"नाही डॉक्टर," ती म्हणाली.

ते तसेच उभे राहिले. मग हातातली पक्कड कुठं ठेवावी हे न समजून त्यांनी ती येडूच्या हातात चाचपत दिली.

केसरबाई तिच्यामागोमाग जिन्याच्या तोंडापर्यंत आल्या. चिडल्या नव्हत्या. तिचा सुटलेला पदर त्यांनी नीट तिच्या खांद्यावर ठेवला.

"आमचं काय, चार दिवस लोक बोलतील. मग दुसरी मिळेल. गावात व्रतं करणाऱ्या बायका पुष्कळ आहेत," त्या म्हणाल्या. "तुमचं मात्र देवाशी होतं बाई. जा, घरी जा लवकर."

रस्त्यानं सुंदरम्मा रडत होती आणि काही ना काही विचारत होती. विजयमालेला काही ऐकू येत नव्हतं. मध्ये एका ओळखीच्या दुकानदारानं सुंदरम्माचा गाल पाहून दुसऱ्या डॉक्टरकडं जायला सांगितलं, आपल्या माणसाबरोबर तिला धाडलंही. विजयमाला एकटी पुढं निघाली. ती पळत नव्हती. पळालं तर पोचल्यावर काय दिसेल तेही लवकर दिसेल, असं काहीतरी तिच्या पायांना वाटत होतं.

ओटा रिकामा होता.

खोलीचं दार लोटलेलं होतं. ती उंबऱ्यात थांबली. आतून खोकला ऐकू आला, मग शीळ. दाराच्या फटीतून वारा यावा तशी. जवळजवळ गेली होती ती.

रावसाहेब अंथरुणावर भिंतीला टेकून बसला होता. चेहरा घामानं डबडबलेला. "उन्हात जास्त वेळ बसलो वाटतं," तो धापा टाकत म्हणाला. "आता होईल कमी."

"पाणी देऊ?" तिनं विचारलं.

त्यानं वर पाहिलं. त्याच वेळी लांब गिरणीचा भोंगा झाला, रोजच्यासारखा, आणि त्याचा लांबलचक आवाज विरेपर्यंत दोघंही एकमेकांकडं बघत राहिले. भोंग्याच्या आधीच ती बोलली होती. त्याच्या लक्षात आलं होतं.

"कुणासाठी?" त्यानं विचारलं.

"सुंदरम्मा."

त्यानं डोळे मिटले. ती वाट बघत राहिली. एखादा विनोद करील, बरं केलंस म्हणेल, किंवा शिवी देईल.  त्याची छाती वर गेली, अडकली, खाली आली.

"मग आता काय होईल?" तो म्हणाला. त्याला खरोखरच विचारायचं होतं.

"माहीत नाही," विजयमाला म्हणाली.

तिनं त्याच्या ओठाला पाण्याचा पेला लावला. निम्मं पाणी हनुवटीवरून सांडलं. तिनं पदरानं पुसलं. शेजारचा माग आज बंद होता, त्यामुळं खोलीत ती शीळ फार मोठी वाटत होती.

"बोलत राहा काहीतरी," रावसाहेब डोळे न उघडता म्हणाला. "काहीपण. गप्प बसू नकोस. मला भीती वाटते."

विजयमाला त्याच्याजवळ बसली, त्याचा हात मांडीवर घेतला आणि बोलू लागली. आधी देवाचं नाव घेतलं. मग करकंबच्या कोंडीबाचं सांगितलं. फेट्याचं टोक गालाला कसं गुंडाळलं होतं, डोळे कसे होते, त्यानं काय विचारलं, पुन्हा काय विचारलं, ते सगळं अगदी सुरुवातीपासून. तिचा आवाज हळूहळू मोकळा होत गेला. मधे मधे ती थांबायची, त्याच्या छातीकडं कान द्यायची, आणि श्वास आला की पुढं सांगायची.